नाव कुणाचं, भाला कुणाचा



मुलींच्या स्वसंरक्षणाचे वर्ग आता बऱ्याच शाळांत होतात. पांढरा पोशाख घातलेल्या मुली मैदानावर ओळीनं उभ्या असतात. त्यांना धीर यावा म्हणून शिकवणारे सर किंवा बाई मधूनच एक गोष्ट सांगतात, चीनमधल्या एका मुलीची. ती गोष्ट आम्हीही ऐकली. इतकी आवडली की तिच्यावरच कार्यक्रम करायचं ठरवलं आणि तिचा माग काढायला बसलो. माग काढताना मूळ गोष्ट हातातून थोडी निसटली, पण तिच्या जागी दुसरी एक सापडली. दोन्ही तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट अशी.

दक्षिण चीनमध्ये यीम नावाचा एक गृहस्थ टोफू विकायचा. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. त्याची मुलगी विंग-चुन. आपल्यासारखं चीनमध्ये आडनाव शेवटी येत नाही, ते आधी येतं, म्हणून तिचं पूर्ण नाव यीम विंग-चुन. गावातल्या एका गुंडाची तिच्यावर नजर पडली. लग्न कर, नाहीतर बघ, अशी धमकी त्यानं दिली. त्यांच्या दुकानात टोफू घ्यायला एक भिक्षुणी येत असे. तिचं नाव ङ मुई. शाओलिनचा मठ बादशहाच्या सैन्यानं जाळला, तेव्हा जे मोजके पाच गुरू निसटले त्यांतली ती एक. एकदा तिनं करकोचा आणि साप यांची झुंज पाहिली होती आणि त्यावरून अंगात फार ताकद नसलेल्या माणसालाही साधेल अशी युद्धविद्या बसवली होती. ती तिनं विंग-चुनला शिकवली. मुलीनं गुंडाला आव्हान दिलं, सगळ्यांसमोर लोळवलं आणि मग आपल्या वाग्दत्त वराशी, ल्युंग बोक-चाउशी, लग्न केलं. पुढं तिनं ही विद्या नवऱ्याला शिकवली. आणि नवऱ्यानं त्या विद्येला बायकोचं नाव दिलं: विंग चुन.

नवरा बायकोकडून शिकतो आणि तिच्या नावानं घराणं चालवतो. सांगा बरं, अशी दुसरी गोष्ट तुमच्या ऐकण्यात आहे का? आम्हाला तरी आठवेना. म्हणूनच ती आम्हाला आवडली होती.

आता मागाकडे वळू. चिनी युद्धविद्येत गुरुपरंपरेला फार मान. शिकवणाऱ्याला 'शिफू' म्हणतात. त्या शब्दात 'फू' म्हणजे बाप. गुरू हा बाप, गुरूची बायको ती आई, गुरूचा गुरू आजोबा. आपल्याआधी वर्गात आलेला विद्यार्थी थोरला भाऊ, मग तो वयानं लहान का असेना. शिष्य व्हायचं तर गुरूपुढं गुडघे टेकून चहाचा पेला द्यायचा. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांत गंडा बांधतात, त्या जातीचाच हा विधी. एकदा चहा दिला की तुमचं नाव वंशावळीत. आणि गंमत पाहा, शिकवणारी बाई असली तरी तिलाही शिफूच म्हणतात. म्हणजे बापच!

विंग चुन घराण्याची वंशावळ अशी सांगतात. ङ मुईची शिष्या विंग-चुन. तिच्याकडून नवरा बोक-चाउ शिकला. त्याच्याकडून ल्युंग लान-क्वाई आणि मग वोंग वा-बो. वोंग हा नाटकमंडळीतला. त्या काळी दक्षिण चीनमधल्या नाटकमंडळ्या लाल रंगवलेल्या होड्यांतून नदीकाठच्या गावांना जात. या लाल होडीवर वोंगनं ल्युंग यी-ताईबरोबर विद्यांची देवाणघेवाण केली, एकाची हातांची विद्या आणि दुसऱ्याची लांब काठीची. पुढं फोशान शहरातला वैद्य ल्युंग जान, त्याचा शिष्य चान वा-शुन, आणि त्याचा शिष्य इप मान. इप मान १८९३ साली फोशानमध्ये जन्मले, चीनमध्ये सत्तापालट झाल्यावर हाँगकाँगला आले आणि तिथं उपाहारगृह कामगारांच्या संघटनेत शिकवू लागले. १९५० च्या दशकात त्यांच्याकडे एक पोरगेलासा मुलगा शिकायला आला, तो ब्रूस ली. त्याच्यामुळे विंग चुनचं नाव जगभर झालं. १९७२ मध्ये इप मान वारले. १९९४ साली विंग चुनवर सिनेमा आला आणि त्यात नायिका होती मिशेल यो, जिला पुढं ऑस्कर मिळालं.

ही नावं कागदावर उतरवली तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. सुरुवातीला दोन बायका, गुरू आणि शिष्या. विंग-चुनच्या पुढं शेवटापर्यंत सगळे पुरुष. घराण्याचं नाव बाईचं, पण तिच्यानंतर नामावळीत एकही बाई नाही.

दुसरी गोष्ट लक्षात यायला जास्त वेळ लागला. ल्युंग जान १८२६ चे, त्यांचं औषधांचं दुकान, त्यांचे शिष्य, हे सगळं पायाखाली भक्कम लागतं. त्यांच्या मागं जाऊ तसतशी जमीन भुसभुशीत होत जाते. विंग-चुनच्या काळात लिहिलेला, तिचं नाव असलेला एकही कागद नाही. ङ मुई पहिल्यांदा भेटते ती १९ व्या शतकाच्या शेवटी छापलेल्या एका लोकप्रिय कादंबरीत. आणि मठ जाळल्याची गोष्ट? हेनान प्रांतातला खरा शाओलिन मठ छिंग बादशहांनी जाळलेला नाही. उलट १७५० मध्ये छ्यानलोंग बादशहा स्वतः तिथं मुक्कामाला होता. मठाला मोठी आग लागली ती १९२८ साली, एका लष्करी सरदाराच्या लढाईत. जळालेल्या मठाची आणि वाचलेल्या पाच जणांची कहाणी दक्षिणेतल्या गुप्त मंडळांमधली. छिंग राजघराणं मांचू होतं, परकं होतं. त्याला उलथून टाकण्याची शपथ घेणाऱ्या मंडळांना एक पवित्र उगम हवा होता. ही कहाणी १९ व्या शतकात त्यांच्या दीक्षाविधीत सांगितली जाई. तिथून ती कादंबऱ्यांत गेली, आणि कादंबऱ्यांतून आखाड्यांत.

यात विंग चुनवाल्यांना वेगळं धरायचं कारण नाही. आपापल्या विद्येला थोर पूर्वज जोडायची सवय सगळ्याच घराण्यांना होती. आणि यातला सगळ्यात प्रसिद्ध पूर्वज तर आपल्याकडचाच! दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्मानं शाओलिनच्या भिक्षूंना कुंगफू शिकवलं, म्हणजे कुंगफू मूळचं भारतीय, हे तुम्हीही अभिमानानं सांगितलं असेल. आम्हीही सांगितलंय. पण शाओलिन मठातला ७२८ सालचा शिलालेख आजही उभा आहे. ६२१ मध्ये मठातल्या भिक्षूंनी थांग घराण्याच्या राजपुत्राला लढाईत मदत केली, असं त्यात आहे. बोधिधर्मानं लढायला शिकवल्याचं त्यात अक्षर नाही. तो धागा जुळतो १६२४ च्या सुमारास लिहिलेल्या व्यायामाच्या एका पुस्तकापासून. त्याला जोडलेली प्रस्तावना मात्र आपण हजार वर्षं आधीची असल्याचं भासवते. बोधिधर्म चीनला गेला हे बौद्ध परंपरा मानते. कुंगफू तेवढं त्याच्या खांद्यावर नंतर ठेवलं गेलं.

हे चिनी माणसांनीच शोधून काढलं. तांग हाओ नावाचे एक वकील होते. युद्धविद्या त्यांना स्वतःला येत होती, आणि साक्षीपुरावे तपासायची वकिली सवयही होती. १९३० साली त्यांनी शाओलिन आणि वूतांग या दोन्ही परंपरांवर पुस्तक लिहिलं आणि बोधिधर्माचीही गोष्ट नाकारली, ताई-चीचा जनक समजल्या जाणाऱ्या चांग सानफंग या योग्याचीही. ज्या पूर्वजांपुढं लोक उदबत्ती लावतात त्यांच्याबद्दल असं लिहायला छाती लागते. तांग हाओंचं म्हणणं साधं होतं. विद्या खरी आहे, तिला खोट्या आजोबाची गरज नाही.

मग आम्ही विचार केला, वंशावळीत नावं घुसवता येतात, पण पवित्र्यांच्या नावांचं काय? ती तर रोज तोंडात असतात. ती काही सांगतात का?

खूप सांगतात. चिनी विद्येत ठरावीक क्रमानं गुंफलेल्या पवित्र्यांच्या माळेला 'ताओलू' म्हणतात. कराटेतल्या मुली जिला 'काता' म्हणतात तीच कल्पना. माळेतल्या प्रत्येक पवित्र्याला नाव असतं. शिकवणारे बरेचसे शेतकरी, पहारेकरी, हमाल. लिहिता वाचता येणारे थोडे. नावं कानांनी गेली आणि कानांनी आली. आता चिनी भाषेत एकाच उच्चाराचे कितीतरी शब्द, प्रत्येकाचं अक्षर वेगळं. कुणीतरी पुढं ती नावं लिहायला बसलं की ऐकू आलं ते अक्षर घातलं.

ताई-चीचीच उदाहरणं घेऊ. ही विद्या हेनानमधल्या छन घराण्याच्या गावात वाढली. यांग लूछान हा बाहेरचा माणूस तिथं शिकला आणि त्यानं ती १९ व्या शतकात राजधानी पेकिंगला नेली. छन घराण्यात एका पवित्र्याला 'युन शौ' म्हणतात, म्हणजे फिरते हात. यांग घराण्यातही 'युन शौ'च, पण अक्षर वेगळं, आणि अर्थ झाला ढगांसारखे हात. छनांच्या गावी 'लिऊ फंग स पी', सहा बाजू बंद, चार मिटलेल्या. यांगांकडे 'रू फंग स पी', जणू बंद केलं, जणू मिटलं. एका ठिकाणी पांढरं हंसबदक पंख पसरतं, दुसरीकडे पांढरा करकोचा. हातांच्या हालचाली नातेवाइकांसारख्या जुळतात, नावाचा अर्थ मात्र मैलभर दूर.

यांतलं आमचं आवडतं नाव फार जुनं आहे. मिंग काळात छी चीक्वांग नावाचा सेनापती किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढत होता. १५६० च्या सुमारास त्यानं सैन्याच्या शिक्षणाचं पुस्तक लिहिलं. त्यात हातांच्या लढाईचे ३२ पवित्रे चित्रांसह दिले. पहिल्याचं नाव 'लान चा यी', म्हणजे सावकाश, आळसावल्यासारखा अंगरखा खोचणं. भांडणाला उभं राहायच्या आधी आपण पदर खोचतो ना, अगदी तसंच! छन घराण्याच्या माळेत हे नाव आजही सुरुवातीलाच येतं. यांग घराण्यात त्याच जागी 'लान छ्युए वेई' आहे, चिमणीची शेपटी धरणं. 'लान' तेवढा राहिला, पदर जाऊन चिमणी आली. छीच्या पुस्तकात 'सोनेरी कोंबडा एका पायावर' असाही पवित्रा आहे. तो मात्र नावानिशी तसाच आजच्या बागांतून सकाळी दिसतो. म्हणजे छन घराण्याची विद्या कुणा योग्याच्या स्वप्नातून आलेली नाही, मिंग काळातल्या सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या विद्येशी तिचं नातं आहे, याचा दाखला या नावांनी दिला. तांग हाओंनी हाच दाखला वापरला होता.

आणखी एक नाव. यांग घराण्याच्या माळेत साधक चार कोपऱ्यांकडे वळत हात पुढं सारतो, एक हात वर, एक हात त्याखालून. त्याला म्हणतात 'यू न्यू छ्वान स्वो', जेडसारख्या सुंदर मुलीनं मागातून धोटा टाकणं. धोटा कसा सर्रकन जातो हे पैठणी विणणाऱ्या आपल्या मैत्रिणींना सांगायला नको. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं बाईला मागावर बसलेली नीट पाहिलेलं असणार. लढाईच्या माळेत बाईचं काम आलं, बाईचं नाव आलं नाही.

नावं कानांनी कशी बदलतात हे कळल्यावर आम्ही पुन्हा 'विंग चुन'कडे आलो. विद्येच्या नावातलं पहिलं अक्षर 'गाणं, गुणगान' या अर्थाचं, दुसरं वसंत ऋतूचं. वसंताचं गुणगान. पण जवळजवळ याच उच्चाराचं एक गाव आहे, शेजारच्या फुच्येन प्रांतातला 'योंगचुन' तालुका. त्यातलं पहिलं अक्षर 'निरंतर' या अर्थाचं. निरंतर वसंत. आणि हा तालुका प्रसिद्ध कशासाठी? पांढऱ्या करकोच्याच्या युद्धविद्येसाठी. त्या विद्येची जनक कोण? तीही एक मुलगी, फांग छीन्यांग. अंगणात उतरलेल्या करकोच्याला ती काठीनं हाकलायला गेली, पक्षी प्रत्येक वेळी वार चुकवत राहिला आणि तिनं त्याच्याकडून विद्या घेतली, असं तिथले लोक सांगतात. करकोचा, मुलगी, वडील, हरवलेला पुरुष, लग्न. दोन्ही गोष्टींचे सांधे किती जुळतात पाहा.

छीन्यांग म्हणजे काय, तर 'सातवी मुलगी'. फांगांची सातवी. हे नाव नव्हे, हा अनुक्रमांक झाला.

ङ मुईचंही असंच. तिच्या नावातलं 'ङ' म्हणजे पाच. कँटनी नाटकाच्या इतिहासात एक नट सांगितला आहे, चांग ङ, टोपणनाव 'तान-शौ ङ', म्हणजे पसरल्या हाताचा पाचवा. १८ व्या शतकात तो उत्तरेकडून पळून फोशानला आला आणि लाल होडीवरच्या मंडळींना शिकवू लागला. विंग चुनमध्ये तळहात वर करून हात पसरण्याचा एक मुख्य डाव आहे, त्याचं नाव 'तान-सौ', पसरता हात. काही अभ्यासकांना वाटतं की नाटकवाल्या पाचव्याची पुढं भिक्षुणी पाच झाली. हा तर्क आहे, आणि आम्ही तो तर्क म्हणूनच सांगतो आहोत. पण बंडखोरीचा काळ होता. १८५४ मध्ये ली वनमाओ नावाच्या नटानं खरोखरच बादशहाविरुद्ध बंड केलं आणि कँटनी नाटकांवर बरीच वर्षं बंदी आली. अशा दिवसांत खऱ्या गुरूचं नाव सांगण्यापेक्षा एखाद्या भिक्षुणीचं सांगणं सुरक्षित होतं.

शाळेतल्या मुलींपुरतं इथं एक सांगून ठेवतो. त्या जे कराटे शिकतात ते जपानच्या ओकिनावा बेटांवरून आलं. ओकिनावाचे लोक फुच्येनमध्ये जाऊन शिकत. त्यांच्याकडे हातानं नकलून घेतलेली एक जुनी पोथी होती, तिच्यात फांगांच्या सातव्या मुलीची गोष्ट आहे. 'सान्चिन' नावाचा काता तिथूनच आला. आणि 'कराटे' हे नावसुद्धा कानाचंच कोडं आहे. आधी ते ज्या अक्षरांत लिहीत त्यांचा अर्थ होता 'चिनी हात'. १९३० च्या दशकात, जपान आणि चीन यांच्यात वैर पेटलेलं असताना, उच्चार तोच ठेवून पहिलं अक्षर बदललं आणि अर्थ झाला 'रिकामा हात'. १९३६ मध्ये ओकिनावाच्या गुरूंनी बैठक घेऊन ते मान्य केलं. उच्चार जागचा हलला नाही, नावातला चीन मात्र पुसला गेला.

इथवर येऊन आम्ही जरा खट्टू झालो होतो. विंग-चुनचा पुरावा नाही, ङ मुई कादंबरीतली, छीन्यांग लोककथेतली. मग चिनी युद्धविद्येच्या नामावळीत खरी बाई कुणीच नाही का?

आहे. आणि ती सापडली त्या छी सेनापतीच्याच पुस्तकात, भाल्याच्या प्रकरणात. छी सांगतो की लांब भाल्याची उत्तम पद्धत 'यांग शि'पासून सुरू झाली, तिला नासपतीच्या फुलांचा भाला म्हणतात आणि साऱ्या देशात तिचा मान आहे. बस्स, इतकंच. 'यांग शि' या शब्दाचे चिनीत दोन अर्थ होतात. एक, यांग घराणं. दुसरा, माहेरची यांग असलेली बाई. लग्न झालेल्या बाईचा उल्लेख असाच करायचा, माहेरचं आडनाव आणि पुढं 'शि'. तिचं स्वतःचं नाव नाहीच. पुढच्या लोकांनी पहिला अर्थ धरला. नाटकांमुळे यांग आडनावाचे शूर सेनापती घरोघरी माहीत होतेच. भाला त्यांच्या नावावर चढला.

पण सोंग राजवटीचा अधिकृत इतिहास १३४५ साली पूर्ण झाला, त्यात ही यांग शि भेटते. १३ वं शतक. शांतुंग प्रांतात चिन राजवटीविरुद्ध लाल अंगरखेवाल्यांचं बंड पेटलं. बंडाचा पुढारी यांग आनअर. तो मेल्यावर त्याच्या लोकांनी त्याच्या बहिणीला पुढं केलं. तिचं नाव यांग म्याओचन. लोक तिला 'चौथ्या बाई' म्हणत, तीही अनुक्रमांकानंच! घोडदौड आणि तिरंदाजी यांत ती तरबेज होती. तिनं ली छ्वान या दुसऱ्या बंडखोराशी लग्न केलं आणि दोघांनी मिळून फौज चालवली. १२३१ मध्ये ली छ्वान लढाईत मारला गेला. तेव्हा ती आपल्या माणसांना काय म्हणाली हे इतिहासकारांनी नोंदवलं आहे. वीस वर्षं नासपतीच्या फुलांच्या भाल्यानं आपण लढलो, या देशात कुणी आपल्याला तोडीस तोड भेटला नाही, पण आता दिवस फिरले, असा त्याचा आशय. मग ती उत्तरेला गेली, मंगोलांशी जुळवून घेतलं आणि शांतुंगमध्ये कारभार पाहू लागली.

हा इतिहास लिहिणारे दरबारी तिचे चाहते नव्हते. त्यांच्या लेखी ती बंडखोर. तिला मोठं करण्यात त्यांचा काही फायदा नव्हता. म्हणूनच तिच्या तोंडी आलेल्या भाल्याला वजन आहे. विंग-चुनची गोष्ट जिव्हाळ्याच्या माणसांनी सांगितली. यांगबाईची नोंद तिच्या विरोधकांनी ठेवली.

आता दोघींना शेजारी उभं करून पाहा. एकीच्या नावाचं घराणं जगभर चालतं, पण ती होती याला पुरावा नाही. दुसरी होती याला पुरावा आहे, पण तिचा भाला सैनिकांच्या पुस्तकात नुसत्या 'यांग शि'चा झाला आणि तिथून सासरच्या नव्हे, माहेरच्याही नव्हे, तर नाटकातल्या पुरुषांच्या खात्यात गेला.

जवळच्या काळातही हे चाललेलं दिसतं. वोंग फेई-हुंग या विख्यात गुरूवर कितीतरी सिनेमे निघाले. त्यांची बायको मोक क्वाई-लान माहेराहूनच युद्धविद्या शिकून आली होती. नवऱ्याच्या मागं तिनं हाँगकाँगमध्ये अनेक वर्षं शिष्य तयार केले, हाडं बसवण्याचा व्यवसाय केला आणि १९८२ पर्यंत जगली. शांघायमध्ये १९१० साली चिंगवू संघ निघाला. त्यानं युद्धविद्या बंद आखाड्यातून बाहेर काढली आणि बायकांसाठी विभाग उघडला. तो विभाग छन शिछाओ या बाईंनी चालवला. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी चिनी युद्धविद्येचं प्रात्यक्षिक दाखवायला जे पथक गेलं, त्यात तीन मुली होत्या: फू शूयुन, लिऊ यूह्वा आणि चाई ल्यानयुआन. या तिघींची नावं आम्ही मुद्दाम पूर्ण वाचून दाखवली. कारण त्यांच्या वेळी कुणीतरी यादी केली, नावं पूर्ण लिहिली, म्हणून आज आम्हाला वाचता आली.

मग मैदानावरच्या मुलींना सांगायचं काय? आमच्यातच यावर वाद झाला. काही जणी म्हणाल्या, पोरींना बळ देणारी गोष्ट आहे, कशाला मोडता? काही म्हणाल्या, खोट्यावर उभं केलेलं बळ पहिल्याच धक्क्याला मोडतं. शेवटी आम्ही असं ठरवलं. विंग-चुन सांगायची, पण गोष्ट म्हणून. दुबळ्यानं ताकदवानाला कसं हरवावं हा त्या विद्येचा गाभा आहे आणि तो मनात ठसावा म्हणून कुणीतरी टोफूवाल्याची मुलगी उभी केली, यातही एक खरेपणा आहेच. नाटकवाल्यांना, हमालांना, वैद्यांना वाटलं की ही विद्या बाईला शोभते. आणि यांग म्याओचन सांगायची, ती इतिहास म्हणून, सालासकट, पूर्ण नावासकट. दोन्ही सांगायच्या आणि कोणती कोणती तेही सांगायचं.

आणि एक काम तुमच्यासाठी. तुमच्या गावात मुलींना कबड्डी, मल्लखांब, लाठी, कराटे शिकवणाऱ्या बाई असतील. 'पाटीलबाई', 'कुणाची तरी सून', 'तिसरीच्या वर्गाच्या बाई' असं न लिहिता त्यांचं स्वतःचं नाव वहीत लिहून ठेवा. त्या कुणाकडून शिकल्या, कोणत्या साली शिकवायला लागल्या, त्यांच्याकडे कोण कोण शिकल्या, तेही लिहा. दोन ओळी पुरेत. आठशे वर्षांनी कुणी माग काढायला बसलं तर तिला शत्रूच्या दप्तरात शोधावं लागू नये.

ऐकत राहा, लिहीत राहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.